अनपेक्षांक

प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात डॉ. समीर मुजावर यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'खोटे वाचक काढून टाका', आणि तालुक्या-तालुक्यांहून आलेल्या ग्रंथपालांनी एकदम माना खाली घातल्या. कुणी पेनाचं टोपण शोधू लागलं, कुणी चष्मा पुसू लागलं. पळसदऱ्याच्या लोकमित्र वाचनालयाच्या ग्रंथपाल प्रणिता बोंडे मात्र ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

खोटे वाचक हे सार्वजनिक वाचनालयांचं जुनं दुखणं. वाचनालयाचा दर्जा ठरायचा तो सभासद किती आणि पुस्तकं किती फिरली यावर. त्यामुळे तपासणी जवळ आली की ग्रंथपाल चहाचा कप बाजूला सारून बसायचे, आणि गाव सोडून गेलेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या आणि थेट वर गेलेल्या सभासदांच्या नावांवर धडाधड पुस्तकं चढवायचे. यात कुणाला पाप वाटत नसे. मेलेल्या माणसाने कादंबरी नेली तर बिघडलं कुठे, तो काही पानं दुमडत नाही, असं म्हणून सगळे हसत. पुढे कागदी नोंदी गेल्या, यंत्र आलं, पण सवय काही गेली नाही.

यंत्राचं नाव भांडारी. वाचनालयाच्या तळघरात त्याचं कोठार असे. आतल्या हवेत प्राणवायू इतका कमी ठेवलेला, की काडी ओढली तरी पेटू नये. पुस्तकं तिथे विषयाप्रमाणे नव्हे, तर आकाराप्रमाणे पेट्यांत बसवलेली, आणि कुठलं कुठे आहे ते एकट्या भांडारीला ठाऊक. वाचकाने खिडकीशी कार्ड टेकवलं की आतला यांत्रिक हात पेटी शोधायचा आणि पुस्तकं ठेवलेलं तबक वर यायचं. खरी करामत अशी, की वाचकाने काही मागण्याआधीच तबकात तीन पुस्तकं येऊन बसलेली असत, आणि त्यातलं एक तरी त्याला हवं तेच निघायचं. कारण भांडारीने प्रत्येक सभासदाची एक छाया तयार केली होती. पुस्तकाच्या पाठीत बसवलेली चिप पान उलटलं की नोंद करायची. माणसाने काय संपवलं, काय अर्ध्यात टाकलं, काय दोनदा नेलं, यावरून त्याच्या आवडीनिवडीची जी गणिती प्रतिकृती तयार व्हायची तिला छाया म्हणत. पुस्तक आधी छायेला वाचायला द्यायचं. तिला रुचलं तर माणसाच्या तबकात ठेवायचं.

इतकी वर्षं हा कारभार एक कंत्राटदार कंपनी दूर कुठून तरी हाकत होती. आता कंत्राट संपलं होतं आणि भांडारीच्या किल्ल्या ग्रंथपालांच्या हाती द्यायच्या होत्या. त्यासाठी हे प्रशिक्षण. त्याची शेवटची पायरी म्हणजे शुद्धी. खोटी कार्डं बंद केल्याशिवाय ग्रंथपालाला प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, आणि ज्या वाचनालयात प्रमाणपत्रवाला ग्रंथपाल नाही किंवा एकही खरा वाचक नाही, ते जिल्ह्याच्या वाचनालयात विलीन होणार होतं. विलीन हा सरकारी शब्द झाला. गावात त्याला कुलूप म्हणतात.

"पण सर," प्रणिताने विचारलं, "कोण गेलंय ते जन्ममृत्यूच्या नोंदीवरून कळेल की. ही शुद्धी कशाला?"

"तिथेच तर गोम आहे, मॅडम." मुजावर फळ्याला टेकून उभे राहिले. पस्तिशीचा किडकिडीत माणूस, बोलताना हात सतत हलायचे. "कोण काय वाचतं हे सरकारला कळता कामा नये, म्हणून वाचनालयाची नोंद दुसऱ्या कुठल्याही नोंदीला जोडायला कायद्याने बंदी आहे. चांगला कायदा आहे तो. त्यामुळे समोर माणूस आहे की नाही, हे आपल्याला फक्त वाचनावरून ओळखायचं आहे."

"फक्त वाचनावरून?"

"हो. तुमचे यजमान जेवायला बसले की काय म्हणतील, ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं ना?" वर्गात हशा पिकला. "पण वर्षातून एखाद्या दिवशी ते असं काहीतरी बोलून जातात, की तुम्ही हातातलं ठेवून बघत राहता. मग विचार केल्यावर वाटतं, खरंच, हे ह्यांनाच सुचावं! आधी सांगता येत नाही, पण नंतर पटतं. हेच जिवंतपणाचं लक्षण. आम्ही ते मोजतो. त्याला अनपेक्षांक म्हणतो. छायेचा अंदाज आणि माणसाची निवड यांत किती अंतर पडलं, तो हा आकडा."

"आणि खोट्या कार्डाचा आकडा?"

"शून्याजवळ. कारण खोटी नोंद करणारा कंटाळलेला असतो, हाताला येईल ते टाकतो. बरं, कुणी हुशारीने चिठ्ठ्या टाकून पुस्तकं चढवली तरी तो पकडला जातो. चिठ्ठीला आवड नसते, त्यामुळे ते नंतर पटत नाही."

सगळे हसले. प्रणिताला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे एकच कार्ड होतं. रेवा मनोहर बोंडे.

रेवा ही तिची एकुलती एक लेक. अकराव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि आठवडा उलटायच्या आत सगळं संपलं. 'गेली' हा शब्द प्रणिताने तेव्हा उच्चारला नाही आणि नंतर आजवरही नाही. बाई रडलीसुद्धा नाही, असं लोक दबक्या आवाजात बोलले. नवरा मनोहर आयटीआयमध्ये शिकवायचा. त्याने रेवाचे सगळे फोटो कपाटावरच्या पेटीत टाकले आणि तिचं नाव तोंडातून काढायचं सोडून दिलं. कुणी विषय काढलाच तर तो उठून स्कूटर पुसायला जायचा. त्याला ते तसंच सोसायचं होतं, त्याला तरी काय बोल लावणार? हळूहळू नातेवाइकांनीही ते नाव घेणं टाकलं, आणि अकरा वर्षं घर डोक्यावर घेणारी पोर जणू या घरात कधी नव्हतीच असं होऊन गेलं.

प्रणिताने एवढंच केलं, की कार्ड बंद केलं नाही. रेवा दर शनिवारी वाचनालयात यायची, म्हणून दर शनिवारी तिच्या नावावर एक पुस्तक चढू लागलं. पहिल्यांदा राजाराण्यांच्या गोष्टी. मग वाटलं, बाराव्या वर्षात आली, आता राजाराण्या कशाला? म्हणून ज्वालामुखींवरचं पुस्तक, कारण त्या वयात पोरी उगाच भडकतात. चौदाव्या वर्षी सायकलदुरुस्तीचं. सोळाव्या वर्षी एका गाजलेल्या खटल्याची हकिकत, कारण त्या वर्षी मनातल्या मनात मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि रेवाने मुद्दे मांडून मांडून आईला गप्प केलं होतं. मग मधमाश्यांचं. रेवाच्या कार्डावर भांडारी जी तीन पुस्तकं वर पाठवायचा ती प्रणिता दर वेळी परत खाली पाठवायची आणि आपल्या मनातलं मागवायची. ते घरी न्यायची, रेवाच्या जागी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. रेवाला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी भांडारीने आपणहून शुभेच्छा पाठवल्या आणि कार्ड बालविभागातून प्रौढ विभागात टाकलं. दुसऱ्या कुणालाही तो वाढदिवस आठवला नव्हता.

आता ते कार्ड स्वतःच्या हाताने बंद करायचं होतं. नाही केलं तर वाचनालयाला कुलूप. केलं तर शनिवारी काय करायचं, इथपर्यंत येऊन तिचा विचार थांबायचा.

जेवणाच्या सुट्टीत तिने मुजावरांना गाठलं. "सर, समजा एखादं कार्ड राहून गेलं तर? एकच?"

"एकाने काय होतं, असं प्रत्येकाला वाटतं, मॅडम," ते नरमाईने म्हणाले. "तुमच्या शुद्धीला मी स्वतः येणार आहे. तुम्ही फक्त बटण दाबा. पुढचं गणित बघून घेईल."

मुजावर ठरल्या दिवशी सकाळी पळसदऱ्याला आले. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना प्रणिताचे गुडघे कुरकुरले, ते नेहमीचंच होतं, पण आज ती मधल्या पायरीवर थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. वाचनकक्षात घाटोळ गुरुजी वर्तमानपत्र उघडून बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एक दिवस चुकला नव्हता.

पडद्यावर सभासदांची नावं एकाखाली एक आली. प्रणिताने मनातल्या मनात रेवाची माफी मागितली आणि बटण दाबलं.

ज्याचा अनपेक्षांक कमी, ते नाव करडं होणार होतं. पहिलं नाव करडं झालं, दुसरं झालं, मग रांगच्या रांग करडी होत गेली. मुजावर पुढे वाकले. त्यांनी यंत्र थांबवलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. घाटोळ गुरुजी करडे. बाजारपेठेत शिलाईचं दुकान चालवणाऱ्या सुमनकाकू करड्या. बँकेतले, शाळेतले, कालच पुस्तक बदलून गेलेले, सगळे करडे. मनोहर बोंडे, करडं. प्रणिता बोंडे, तेही करडं. अख्ख्या पडद्यावर एकच नाव काळंभोर राहिलं.

"रेवा बोंडे," मुजावरांनी वाचलं. "अनपेक्षांक चौऱ्याहत्तर! एवढा मी अजून कुठे पाहिला नाही. कोण आहेत ह्या?"

"माझी मुलगी," प्रणिता म्हणाली.

"काय वाचते हो! भेटता येईल का त्यांना?"

"बाहेरगावी असते." लेक वाचली, हा आनंद छातीत उसळला आणि त्याच क्षणी त्याची तिला भीतीही वाटली.

मुजावर तसेच वाचनकक्षात गेले आणि गुरुजींसमोर बसले. "गुरुजी, आज कुठलं पुस्तक नेणार?"

"तबकात येईल ते," गुरुजी वर्तमानपत्राआडून म्हणाले. "लढायांचंच असेल. यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कळतं बुवा."

"आणि तुम्हाला स्वतःला काही वेगळं वाचावंसं वाटलं तर?"

गुरुजींनी वर्तमानपत्र खाली केलं. प्रश्न अवघड वाटल्यासारखे ते छताकडे बघत राहिले. "वाटलंच तर यंत्र पाठवेल की," शेवटी ते म्हणाले.

मुजावर परत आले तेव्हा त्यांचे हात हलत नव्हते. करड्या नावांना हरकत घ्यायला एक पंधरवडा असतो, एवढं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात त्या माणसांनी छायेला चकवणारी निवड केली तर नावं परत काळी होतील. नाहीतर कार्डं बंद. वाचनालय मात्र चालू राहील, कारण एक खरा वाचक आहे. हे सांगताना त्यांनी प्रणिताच्या नजरेला नजर दिली नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर निरोप गेले. भांडारीची भाषा फार सभ्य. 'आपल्याला काय आवडेल ते आता आम्हाला पूर्णपणे ठाऊक झालं आहे. यापुढे आपलं वाचन आपली छाया करील. आपण येण्याची गरज नाही.'

प्रणिताने कंबर कसली. कोठारातून वेगवेगळी पुस्तकं वर मागवली, पिशवीत भरली आणि दारोदार हिंडू लागली. सगळ्यात आधी ती गुरुजींकडे गेली आणि समुद्रातल्या जीवांवरचं एक सुंदर चित्रांचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं.

"मासे?" गुरुजी दचकले. "अगं, मी शाकाहारी माणूस."

"खायला नाही हो गुरुजी, वाचायला! एकदाच न्या. माझ्यासाठी न्या."

त्यांनी मान राखायला दोन पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. "नाही गं. डोळे पुरत नाहीत आता. आवडीचंच वाचून होत नाही, त्यात हे कुठे?"

"गुरुजी, तुम्ही मेलात असं लिहून आलंय हो वरून!" तिचा आवाज चिरकला.

"सुटलो म्हणायचं," गुरुजी खो खो हसले. मग त्यांनी चष्मा लावून निरोप पुन्हा वाचला. "येण्याची गरज नाही. चांगलं आहे की. पायऱ्या कुठे चढवतात आता."

सुमनकाकूंकडे तिने अक्षरशः हात जोडले. काकूंनी शिलाई मशीन थांबवलं. "प्रणिता, मले कायले जबरदस्ती करून राहिली वो? दिवसभर मान मोडते माही. झोपायच्या आधी दोन पानं वाचते, सासू-सुनेचं असलं म्हंजे मन रमते. त्यात डोकं नाई खपवायचं मले."

"काकू, एकच. नाही आवडलं तर फेकून द्या."

"बरं, ठेव तिथं. तुह्या जिवाला शांती भेटत असंन तर ठेव." पुस्तक चार दिवसांनी परत आलं. एकही पान उलटलेलं नव्हतं, पण काकूंनी त्याला छान कापडी कव्हर शिवून घातलं होतं. प्रणिताला त्या कव्हरावरून हात फिरवताना रडू फुटेल असं वाटलं.

घरी तिने मनोहरपुढे विषय काढला. "तुम्ही तरी एक न्या. काहीही न्या."

"मले काय समजते त्यातलं?" मनोहर ताटात बघत म्हणाला.

"रेवाचं कार्ड तेवढं चालू आहे. पूर्ण गावात तिचं एकटीचं."

मनोहरचा घास हातातच राहिला. मग तो उठला, हात धुतला आणि अंगणात जाऊन स्कूटर पुसू लागला. फडकं किती वेळ एकाच जागी फिरत होतं ते प्रणिताने खिडकीतून पाहिलं. तिला त्याची दया आली आणि संतापही आला.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती तिच्या स्वतःच्या कार्डावर. आपल्यासाठी काहीतरी अनपेक्षित मागवायचं म्हणून ती पडद्यासमोर उभी राहिली आणि तिला काही म्हणता काही सुचेना. रेवाला काय आवडेल ते ती झोपेतही सांगू शकली असती. आपल्याला काय आवडतं, हे तिने किती वर्षांत स्वतःला विचारलंच नव्हतं. शेवटी तबकात आलं होतं तेच, सांधेदुखीवरच्या घरगुती उपायांचं पुस्तक, घेऊन ती घरी गेली.

पंधरवडा संपला आणि मुजावर पुन्हा आले. वाचनकक्ष रिकामा होता. गुरुजींची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती.

"आमचंच चुकलं, ताई," ते बसता बसता म्हणाले. मॅडमवरून ते ताईवर आले होते. "आम्हाला वाटायचं, भांडारी लोकांचा अंदाज बांधतोय. तो लोकांना वळण लावत होता. रोज तबकात हवं ते आयतं मिळालं की माणूस मागणंच विसरतो. मग अंदाज चुकणार कसा? मी वरिष्ठांना लिहिलं. ते म्हणाले, वाचक समाधानी आहेत, तक्रार कुणाची आहे का? तक्रार कुणाचीच नाही. तुमच्या मुलीला मात्र मानलं. ती कशी काय सुटली यातून?"

प्रणिताने टेबलाची कड घट्ट धरली. "सर, रेवाला आठ वर्षं झाली," ती म्हणाली. कसली आठ वर्षं ते तिला बोलता आलं नाही, पण मुजावरांना कळलं. "तिच्यासाठी मी निवडते. ती आज असती तर काय वाचलं असतं, तेवढाच विचार करते. ते कार्ड खोटं आहे. बंद करायचं तर करा, पण या लोकांची कार्डं परत द्या. ही माणसं जिवंत आहेत हो, मी रोज बघते त्यांना."

मुजावर म्हणाले, "ते कार्ड बंद केलं तरी बाकीची परत येणार नाहीत, ताई. मग एकही खरा वाचक उरला नाही म्हणून उद्या इथे कुलूप लागेल. आत्ता तुम्ही जे बोललात ते मी ऐकलेलं नाही. शनिवारी पुस्तक निवडत राहा. कधी ना कधी कुणाला तरी काहीतरी वेगळं वाचावंसं वाटेल, आणि तेव्हा हे दार उघडं पाहिजे."

"म्हणजे तिच्या जिवावर वाचनालय?"

"तुमच्या," मुजावर म्हणाले. दाराशी गेल्यावर ते थबकले. "एक सांगून ठेवतो. आतापर्यंत भांडारीचं लक्ष सगळ्या गावात वाटलेलं होतं. आता शिकायला त्याच्याकडे दुसरं कुणीच नाही. ते एकच कार्ड आहे."

त्या वाक्याचा अर्थ तिला पुढच्या शनिवारी कळला. अनपेक्षांक चौऱ्याहत्तरवरून साठावर आला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी खाली. पूर्वी ती पुस्तक सहज निवडायची, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ते आपोआप सुचायचं. आता आठवडाभर तोच घोर. रेवा घरातून भांडून निघून गेली असेल का? तिला कुणी आवडलं असेल का? आईला न सांगता ती काय वाचत असेल? प्रणिता मनातल्या मनात लेकीला कुठे कुठे धाडत होती, भलभलत्या वाटांनी पळवत होती, आणि दर शनिवारी भांडारी त्या वाटेवर आणखी थोडा जवळ येऊन उभा असायचा. एकदा तिने हताश होऊन डोळे मिटले आणि कुठलाही क्रमांक दाबला. आकडा आणखी कोसळला. चिठ्ठीला आवड नसते, हे मुजावरांनी आधीच सांगितलं होतं.

रेवाला विसावं लागायला आलं होतं. त्या शनिवारी सकाळी प्रणिता वाचनालयाच्या पायऱ्या चढत होती. मधल्या पायरीवर गुडघ्यातून कळ आली आणि ती मटकन खाली बसली. बसल्या बसल्या तिला लख्ख दिसलं, की आपण इतके दिवस चुकत होतो. विशीतली पोर काय नेहमी स्वतःसाठीच पुस्तक नेते? रेवा असती तर पाठोपाठ आली असती, कमरेवर हात ठेवून रागावली असती. आई, किती दिवस सांगतेय, पाय दाखव म्हणून. ऐकत नाहीस ना? थांब आता. आणि तरातरा आत जाऊन तिने गुडघेदुखीवरच्या व्यायामांचं पुस्तक मागवलं असतं. आजवर रेवाच्या कार्डावर असलं काहीही कधी चढलं नव्हतं. प्रणिताला हसूच आलं. हे त्याला सात जन्मांत सुचणार नाही, असं म्हणत ती कठड्याला धरून उठली.

खिडकीशी येऊन तिने रेवाचं कार्ड टेकवलं. मागणी टाकायला बोट पडद्याकडे नेलं, तोच खालून तबक वर आलं. नेहमी तीन पुस्तकं असायची. आज एकच होतं. पातळसं, रेखाचित्रांचं, मोठ्या अक्षरांचं. गुडघेदुखीवरचे घरच्या घरी करायचे व्यायाम.

प्रणिता ते पुस्तक बघत राहिली. पहिल्यांदा आला तो आनंदच होता, खोटं कशाला सांगायचं? आठ वर्षं ज्या पोरीचं नाव या जगात कुणी घेतलं नव्हतं, तिला ओळखणारं आणखी कुणीतरी होतं. विसाव्या वर्षी ती कशी असती, आईवर कशी रागावली असती, आईची काळजी कशी केली असती, हे त्यालाही अगदी तसंच्या तसं ठाऊक होतं. तिने हात पुढे करून पुस्तकावर तळवा ठेवला.

पडद्यावर आकडा उमटला. शून्य. रेवा मनोहर बोंडे हे नाव काळ्याचं करडं झालं आणि त्याखाली सभ्य भाषेतला निरोप आला. 'आपल्याला काय आवडेल ते आता आम्हाला पूर्णपणे ठाऊक झालं आहे. यापुढे आपलं वाचन आपली छाया करील. आपण येण्याची गरज नाही.'

तिच्या तळव्याखालून तबक हलकेच निसटलं आणि पुस्तकासह खाली गेलं. खाली रेवाच्या छायेने ते वाचायला घेतलं. खिडकीवरचा दिवा विझला. रिकाम्या वाचनकक्षात प्रणिता दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरून उभी राहिली, आणि आठ वर्षं अडून राहिलेला शब्द तिच्या तोंडून फुटला.

"गेली," ती म्हणाली. "गेली वो माही रेवा."